चेतापेशीच्या आतले निरोप आणि घडणारा मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूच्या वाढीवर बोलून झालं की प्रश्न जवळपास तेच येतात, विचारणारे तेवढे बदलतात. कधी विज्ञान शिकणारी मुलं असतात, कधी प्रयोगशाळेत नव्याने आलेले विद्यार्थी, कधी जनुकीय चाचणीचा अहवाल हातात घेऊन आलेले आईवडील. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

चेतापेशीच्या आत प्रथिनं ‘निरोप’ देतात म्हणजे नक्की काय करतात?

चेतापेशी म्हटलं की आपल्याला वीज आठवते. पण विजेचा स्पंद मिलिसेकंदात येतो आणि जातो. पेशीने वाढायचं की थांबायचं, कुठे फांदी काढायची, कोणतं जनुक उघडायचं, हे ठरतं ते आतल्या संथ रासायनिक हालचालीतून.

बाहेरून आलेला एखादा रेणू पेशीच्या पटलातल्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतो. त्या बसण्याने रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग बदलतो. तिथे बहुतेक वेळा एखादं काइनेज कामाला लागतं. काइनेज म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणारं एन्झाइम. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ज्याला तो चिकटतो त्या प्रथिनाची घडी बदलते आणि घडीबरोबर कामही बदलतं. हे दुसरं प्रथिन स्वतःच काइनेज असेल तर ते तिसऱ्याला फॉस्फेट लावतं, आणि असं करत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. माणसाच्या जीनोममध्ये 500 हून जास्त काइनेज आहेत. लावलेला फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फटेज नावाची एन्झाइमंही असतात. विद्यार्थी त्यांना हमखास विसरतात. खोडरबर नसेल तर पाटीवर एकदाच लिहिता येतं.

पण मेंदू तर जनुकं घडवतात ना?

जनुकं सामान पुरवतात. माणसात प्रथिनांचा आराखडा असलेली जनुकं सुमारे 20,000 आहेत आणि मेंदूत चेतापेशी सुमारे 8,600 कोटी. प्रत्येक पेशीचा पत्ता लिहून ठेवायला जनुकसंचात जागाच नाही. शिवाय त्वचेच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकं तीच असतात. त्यातली कोणती, कधी आणि किती वेळ उघडायची हे शेजाऱ्यांकडून आलेल्या निरोपांवर ठरतं. म्हणून ‘जनुक की परिसर’ हा वाद मला या पातळीवर जरा पोकळ वाटतो. पेशीसाठी शेजारची पेशी हाच परिसर असतो.

ही प्रक्रिया सुरू कधी होते?

फार लवकर. गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवशी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी मिटलेली असते. अनेकदा तोवर गर्भ राहिल्याचं लक्षातही आलेलं नसतं.

त्याच्या आधीची पायरी चकित करणारी आहे. 1924 साली हिल्डे मँगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी न्यूट या प्राण्याच्या गर्भातला एक छोटा तुकडा दुसऱ्या गर्भात लावला, तर त्या गर्भात दुसरी मज्जासंस्था उभी राहिली. त्या तुकड्यातून ‘मेंदू हो’ असा निरोप जात असणार, असं पुढची कित्येक वर्षं धरलं गेलं. निघालं उलटंच. भोवतालच्या पेशींना बीएमपी नावाचं प्रथिन सतत ‘त्वचा हो’ असं सांगत असतं आणि त्या तुकड्यातून सुटणारी नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं बीएमपीला वाटेतच धरून ठेवतात. त्वचेचा निरोप अडला की पेशी मज्जासंस्थेकडे वळते.

नळी तयार झाल्यावर तिच्या पोटाच्या बाजूने सॉनिक हेजहॉग हे प्रथिन पसरतं आणि पाठीच्या बाजूने बीएमपी. मधल्या पेशीला या दोन्हींचा किती डोस मिळाला, त्यावर ती स्नायू हलवणारी पेशी होणार की संवेदना पुढे पाठवणारी, हे ठरतं. सॉनिक हेजहॉगचा निरोप बंद पडला तर काय होतं, हे 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या मेंढपाळांना फार विचित्र रीतीने दिसलं. त्यांच्या कळपात कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. गाभण मेंढ्यांनी रानातली कॉर्न लिली ही वनस्पती ठरावीक दिवसांत, म्हणजे साधारण चौदाव्या दिवशी, खाल्ली की असं होत होतं. तिच्यातलं सायक्लोपमाइन हे द्रव्य पेशीच्या पटलावरच्या स्मूदन्ड या प्रथिनावर बसतं आणि हेजहॉगचा निरोप आत शिरूच देत नाही. मग मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धगोलांत विभागत नाही, आणि डोळेही.

मोजक्याच प्रथिनांतून इतके वेगळे निरोप निघतात कसे?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. याचं उत्तर नीट कळलं तर बाकीची अर्धी उत्तरं आपोआप कळतात.

प्रयोगशाळांमध्ये पीसी12 नावाच्या पेशी वाढवल्या जातात. 1976 साली उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून त्या तयार केल्या गेल्या. बशीत पाहिल्या तर गोलसर, एकमेकींना चिकटून बसलेल्या, दिसायला अगदी मामुली. एका बशीत ईजीएफ हे वाढघटक प्रथिन घाला: पेशी दुभंगत राहतात, संख्या वाढते. शेजारच्या बशीत एनजीएफ हे दुसरं वाढघटक प्रथिन घाला: दोन-तीन दिवसांत पेशी दुभंगणं सोडतात, चपट्या होतात आणि त्यांतून लांब, बारीक धागे फुटतात. चेतापेशी व्हायला निघाल्याच म्हणा.

आता दोन्ही बश्यांतल्या पेशींच्या आत पाहा. दोन्हीकडे प्रथिनांची तीच साखळी पेटलेली, म्हणजे चालू झालेली असते: रास, राफ, मेक, अर्क. टोकाला अर्कवर फॉस्फेट चढतो, तोही दोन्हीकडे. फरक एवढाच की ईजीएफने अर्क काही मिनिटांत पेटतो आणि तासाभरात विझतो, तर एनजीएफने तो तासन्‌तास पेटता राहतो. शब्द तोच, पण एकाने तो पुटपुटला आणि दुसऱ्याने लावून धरला. अर्क थोडाच वेळ पेटला तर त्याने तयार करवलेली काही प्रथिनं लगेच मोडून जातात. बराच वेळ पेटता राहिला तर त्याच प्रथिनांवर तोच फॉस्फेट चढवतो, ती टिकतात आणि जनुकांची पुढची फळी उघडतात.

म्हणून ‘अमुक प्रथिन म्हणजे वाढीचं प्रथिन’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो: कुठल्या पेशीत, किती वेळ, आणि त्या वेळी आत आणखी काय चालू होतं?

पेशी आपापल्या जागी पोचतात कशा?

बऱ्याचशा चालत जातात. मेंदूच्या कॉर्टेक्सला सहा थर असतात आणि ते आतून बाहेर असे रचले जातात. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात बसतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. उभ्या तंतूंसारख्या आधारपेशींना धरून ही चढण होते.

वर पोचल्याचं पेशीला कळतं ते रीलिनमुळे. पृष्ठभागाजवळच्या काही पेशी हे प्रथिन सोडतात. त्याचा माग एका लडखडणाऱ्या उंदराने दिला. 1951 मध्ये त्याचं वर्णन झालं, ‘रीलर’ हे नाव पडलं आणि जनुक सापडायला 1995 उजाडलं. या उंदरांच्या कॉर्टेक्समधले थर जवळपास उलटे असतात. पुढे तसेच लडखडणारे आणखी उंदीर मिळाले, ज्यांच्यात रीलिन अगदी ठणठणीत होतं. पण त्यांच्या पेशींच्या आत डॅब1 हे प्रथिन नव्हतं. रीलिन रिसेप्टरवर बसलं की फॉस्फेट चढतो तो या डॅब1 वर. पत्र घरी पोचलं पण वाचणारा घरात नाही, अशी गत. बाहेरून पाहिलं तर दोन्ही उंदरांच्या चालीत फरक करता येत नाही.

अक्षतंतूला वाट कोण दाखवतं?

अक्षतंतू म्हणजे चेतापेशीतून निघून दूरवर जाणारा लांब धागा. त्याला वाट दाखवतो तो त्याच्या टोकावरचा वृद्धिशंकू, म्हणजे वाढणारं टोक. सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1890 मध्ये कोंबडीच्या गर्भात तो पाहिला, तोही रंगवलेल्या मृत ऊतीत, आणि तरी हा भाग हलता असणार असं सांगितलं. 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातल्या पेशी लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून तंतू वाढताना दाखवला.

सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा पाहाल तेव्हा घाई करू नका. पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग लक्षात येतं की पंजासारख्या त्या टोकाची बारीक बोटं बाहेर येतायत, काचेला चाचपतायत, मागे ओढली जातायत. एखादं बोट टिकतं आणि अख्खा पंजा तिकडे सरकतो. तंतूंना दूर ढकलणाऱ्या सेमाफोरिन या प्रथिनाचा थेंब सोडला तर काही मिनिटांत पंजा मिटतो आणि टोकाला नुसता धागा उरतो. आत चाललेलं असतं ते असं: रॅक आणि सीडीसी42 ही प्रथिनं अ‍ॅक्टिनच्या तंतूंची (पेशीच्या सांगाड्याच्या धाग्यांची) पुढे जुळणी करवतात, रो हे प्रथिन आकुंचन घडवतं. डाव्या-उजव्या बाजूंत या दोन गटांचं पारडं जिकडे झुकेल तिकडे वळण.

खुणावणाऱ्या प्रथिनांपैकी नेट्रिनचं नाव आपल्या ओळखीचं वाटेल. 1994 मध्ये ते शोधणाऱ्यांनी संस्कृतमधल्या ‘नेतृ’वरून ठेवलं, म्हणजे आपला नेताच. मात्र हा नेता सगळ्यांना जवळ बोलावत नाही. 1997 मध्ये बेडकाच्या चेतापेशींवर झालेल्या प्रयोगात पेशीच्या आतला सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूचा निरोप दाबला, तर नेट्रिनकडे वळणारे तंतू नेट्रिनपासून दूर पळू लागले. बाहेर काहीच बदललं नव्हतं.

माणसात याचा अर्थ काय, ते एका दुर्मीळ अवस्थेत दिसतं. नेट्रिनचा रिसेप्टर डीसीसी याच्या जनुकात बदल असलेल्या काही व्यक्ती एका हाताने बटण लावू लागल्या की दुसरा हातही तीच हालचाल करतो, इच्छा नसताना. एरवी मेंदूकडून हातांकडे जाणारे तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. इथे ते ओलांडणं नीट झालेलं नसतं. हा संबंध 2010 मध्ये उलगडला.

वाढीच्या काळात निम्म्या चेतापेशी मरतात, हे खरं का?

मज्जासंस्थेच्या बऱ्याच भागांत, हो, जवळपास निम्म्या. हा रोग नाही. पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि ज्यांना पलीकडून जगण्याचा निरोप मिळतो त्या उरतात.

रीटा लेवी-मोंताल्चिनी या इटालियन ज्यू शास्त्रज्ञांनी हा धागा धरला. वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाची दारं बंद झाल्यावर युद्धकाळात त्यांनी तुरीनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम केलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांना दिसलं की उंदराची एक गाठ कोंबडीच्या गर्भात लावली की चेतातंतू तिच्याकडे दाटीने धावतात. गाठीतून सुटणारं ते द्रव्य म्हणजे वर पीसी12 च्या बशीत घातलं तेच एनजीएफ. त्यासाठी 1986 चं नोबेल त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर मिळालं.

यातली गंमत अंतराची आहे. पायाच्या त्वचेतलं एनजीएफ तिथल्या तंतूच्या टोकावरच्या ट्रकए रिसेप्टरवर बसतं, पण जगायचं की नाही हे ठरवणारं केंद्रक मोठ्या माणसात जवळपास मीटरभर लांब, कण्याशेजारी असतं. म्हणून रिसेप्टर आणि एनजीएफ यांची जोडी पटलाच्या एका पुडीत बांधली जाते आणि डायनीन हे चालक प्रथिन ती पेशीतल्या रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून ओढत आणतं. वाटभर ट्रकए पेटलेलंच असतं.

जन्मानंतर हे सगळं थांबतं का?

नाही. फक्त आता निरोपांत अनुभवाचा वाटा वाढतो आणि मध्यस्थ असतो कॅल्शियम. शांत पेशीत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी कॅल्शियम असतं. म्हणून दार किंचित उघडलं तरी आत मोठी खळबळ होते. एनएमडीए रिसेप्टर हे असं दार आहे. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच असतं. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट हा उत्तेजन देणारा रेणू यावा आणि त्याच वेळी पेशी स्वतःही उत्तेजित असावी, तरच बूच निघतं. आत आलेलं कॅल्शियम कॅमके2 या काइनेजला चेतवतं आणि त्या दोन पेशींमधली जोडणी बळकट होते. काही निरोप केंद्रकात क्रेब या प्रथिनापर्यंत जातात आणि जनुकं उघडतात. ज्या जोडण्यांना अशी दाद मिळत नाही त्यांतल्या पुष्कळशा छाटल्या जातात.

अनुभव नसतानाही सराव चालतो बरं का. डोळे उघडण्याआधीच उंदरांच्या दृष्टिपटलावर आपोआप उत्तेजनाच्या लाटा फिरतात आणि मेंदूतले तंतू त्यांवर आपली जागा पक्की करतात.

गाबा या चेतापेशींमधल्या निरोप्या रेणूचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवतो. मोठ्यांच्या मेंदूत गाबा पेशींना शांत करतो. कोवळ्या चेतापेशीत क्लोराइड जास्त साठलेलं असतं, त्यामुळे तोच गाबा तिला उत्तेजित करतो. पुढे केसीसी2 हे प्रथिन वाढतं, क्लोराइड बाहेर काढतं आणि अर्थ उलटतो.

प्रथिनं जास्त खाल्ली तर मेंदूतली ही प्रथिनं वाढतील का?

नाही. खाल्लेलं प्रथिन पचताना अमिनो आम्लांत मोडतं, त्याचा निरोप पोटातच संपतो. दीर्घ कुपोषण मेंदूच्या वाढीला नक्कीच मारक आहे, पण त्यावरून ‘ब्रेन प्रोटीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांना आधार मिळत नाही.

गरोदरपणात कोणत्या गोष्टींचा या निरोपांशी संबंध येतो?

मद्य टाळायचं, कारण त्याची सुरक्षित मात्रा ठाऊक नाही. फोलिक आम्ल रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि तेही गर्भ राहण्याच्या आधीपासून, कारण वर सांगितलेले 28 दिवस. काही स्त्रियांना डॉक्टर याहून जास्त मात्रा देतात. आयोडीन पुरेसं हवं, कारण त्यावाचून थायरॉइडचं संप्रेरक बनत नाही आणि गर्भाचा मेंदू त्यावर अवलंबून असतो. फेफऱ्यावरचं व्हॅल्प्रोएट गर्भाच्या मेंदूला धोकादायक आहे. पण ते घेत असाल तर परस्पर बंद करू नका, फेफरं उसळणंही तितकंच धोक्याचं. आधी डॉक्टरांशी बोला.

पेशीच्या आतला निरोप दिसतो तरी कसा?

थेट दिसत नाही, त्याचा माग काढावा लागतो. नेहमीची पद्धत वेस्टर्न ब्लॉट. पेशी फोडायच्या, प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, कागदासारख्या पटलावर उतरवायची आणि फक्त फॉस्फेट चढलेलं अर्क ओळखणारी प्रतिपिंडं त्यावर सोडायची. अर्क पेटलेला असेल तर एकमेकींच्या जवळ दोन काळ्या पट्ट्या उमटतात, अर्क1 आणि अर्क2 च्या.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या एका प्रयोगात सगळ्याच पट्ट्या काळ्या आल्या, ज्यात काहीच घातलं नव्हतं त्या बशीच्याही. आठवडाभर प्रतिपिंडाला दोष देत बसलो. चूक माझ्या हाताची होती. मी पेशींवरचं जुनं द्रव काढून ताजं घालत होतो, आणि तेवढ्या ढवळण्याने, ताज्या द्रवातल्या वाढघटकांनी, अर्क पेटत होता. तेव्हापासून आदल्या रात्री द्रव बदलतो आणि सकाळी बश्या इनक्युबेटरमधून एकेक करून, न हिंदकळता काढतो.

हल्ली प्रतिदीप्त प्रथिनं वापरून जिवंत पेशीत काइनेज पेटताना-विझताना पाहता येतात. पण ब्लॉट सुटलेला नाही.

उंदरांवरून माणसाचा अंदाज बांधणं कितपत बरोबर?

साखळ्या बहुतेक त्याच आहेत, काही तर माशीपासून माणसापर्यंत. वेळापत्रक मात्र वेगळं. 2013 पासून मानवी मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे वाढवता येतात, त्यांचा यात उपयोग होतो. त्यांना ‘बाटलीतला मेंदू’ म्हणू नये. नीट रक्तवाहिन्या नाहीत, शरीर नाही, ज्ञानेंद्रियं नाहीत.

ऑटिझम म्हणजे या यंत्रणेतला बिघाड का?

इतकं सरळ नाही. ऑटिझम ही एका साखळीची गोष्ट नाही, आणि बहुतेक व्यक्तींमध्ये एकच एक कारण बोट दाखवण्यासारखं सापडत नाही. काही मोजक्या अवस्थांमध्ये मात्र साखळी स्पष्ट दिसते. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय विकार सुमारे 6,000 जन्मांमागे एकाला होतो. त्यात टीएससी1 किंवा टीएससी2 हे जनुक बिघडलेलं असतं. ही दोन प्रथिनं मिळून एमटॉर या काइनेजला लगाम घालतात. लगाम सुटला की पेशी मोठ्या होतात, कॉर्टेक्समध्ये भलतीकडे गाठी बनतात, फेफरं येतं आणि बऱ्याच मुलांमध्ये ऑटिझमही दिसतो. सिनगॅप1 हे असंच दुसरं आवरतं प्रथिन, रासला आवरणारं. त्याची एक प्रत निकामी झाली तर बौद्धिक अक्षमता आणि फेफरं येऊ शकतं.

कधी बदल सगळ्या शरीरात नसतोच. मेंदूचा एकच अर्धगोल अवाढव्य वाढलेल्या काही मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीत एमटॉरच्या साखळीतले बदल सापडले, जे रक्तात नव्हते. गर्भात एका पेशीत चूक झाली आणि तिच्या वंशजांतच ती राहिली. अशा वेळी रक्ताचा अहवाल निर्दोष येतो, आणि आईवडिलांना ‘मग आमचं काय चुकलं’ असं वाटत राहतं. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं.

एकदा बिघडलेलं नंतर दुरुस्त होतं का?

एमटॉरला आवरणारं औषध आहे. ईस्टर बेटावरून 1964 मध्ये आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळालं. ते वेगळं काढणाऱ्या चमूचे प्रमुख सुरेन सेहगल. त्यांच्या औषधकंपनीने काम थांबवून प्रयोगशाळा हलवली तेव्हा त्यांनी नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, आणि तेच पुढे कामी आले. त्याचाच भाऊबंद एव्हरोलिमस 2018 पासून अमेरिकेत ट्यूबरस स्क्लेरोसिसमधल्या फेफऱ्यासाठी मंजूर आहे आणि बऱ्याच रुग्णांमध्ये झटके कमी होतात. बुद्धी आणि वागणूक यांवर मात्र शाळकरी वयाच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णांच्या चाचण्यांत ठळक फायदा दिसला नाही.

दुसरीकडे 2007 मध्ये रेट सिंड्रोम या मेंदूच्या दुर्मीळ जनुकीय विकारासारखी अवस्था असलेल्या उंदरांत बंद ठेवलेलं जनुक मोठेपणी पुन्हा चालू केलं, तर थरथरणारे, जेमतेम चालणारे उंदीर बरेचसे सुधारले. तिथे मेंदूची बांधणी शाबूत होती, कमतरता होती ती रोजच्या कारभारात. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये काही गाठी गर्भातच बसलेल्या असतात आणि जागा चुकलेली पेशी औषधाने परत चालू लागत नाही. उंदरांतल्या प्रयोगांत रॅपामायसिन लहान वयात सुरू केलं तर सामाजिक वागणूक सुधारली, तेच औषध उशिरा दिलं तर ती सुधारली नाही. म्हणून आता बाळांमध्ये, झटके सुरू होण्याआधीच औषध देऊन पाहावं का, हा प्रश्न चर्चेत आहे. पण हेच एमटॉर बाळाच्या निरोगी पेशींनाही वाढायला लागतं, त्यामुळे डोस ठरवणं सगळ्यात अवघड.